छापलेले ९६ टक्के नेमके कशाचे?

पत्र आलंय ते थोडं आटोपशीर करून देते.

‘मी हिशेबाच्या कामातला माणूस आहे, त्यामुळे जुगारातही वही ठेवतो. हसू नका. गेले सात आठवडे, आठवड्यातल्या पाच रात्री, सगळे झोपल्यावर ऑनलाइन स्लॉट, म्हणजे फिरत्या चित्रांचा जुगार, खेळतोय. आजवर १२,००० भरले, खात्यात २,८०० उरलेत. गेमच्या माहितीत आरटीपी, म्हणजे परताव्याचा दर, ९६ टक्के लिहिलाय आणि माझ्याकडे उरले २३ टक्के. मला फसवलं जातंय का? आता दोन नवे गेम डोळ्यासमोर आहेत. एकाचा आरटीपी ९६.५, त्यात छोटी बक्षिसं सारखी लागतात. दुसऱ्याचा ९४, पण त्यात पैजेच्या दहा हजार पट लागू शकतात. जोखीम आणि परतावा तोलून बघायचा तर शहाण्याने कुठला घ्यावा? तीनशे स्पिन बोनस फेरी आली नाही की ती जवळ आलेली असते, तेव्हा पैज वाढवावी का? एक साइट २,००० चा स्वागत बोनस देतेय, तो घ्यावा का? गेलेले वसूल झाले की मी बंदच करणार आहे. घरी अजून बोललेलो नाही. — वहीवाला’

सोबत वहीची पानं जोडली होती: एकूण २२,५०० स्पिन, दर स्पिनला १०, एकंदर साडेसदतीस तास. चलन कुठलं ते लिहिलेलं नाही आणि मला नकोही. मी नुसती ‘नाणी’ म्हणते.

वहीवाले,

हसले नाही. उलट पत्राच्या आधी वही वाचली, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच तिच्यात लिहून ठेवलंय असं दिसलं. भागाकार फक्त चुकीच्या आकड्याने केलात.

उरलेले २,८०० तुम्ही भरलेल्या १२,००० ने भागलेत. पण आरटीपी भरलेल्या रकमेवर नसतो, उलाढालीवर असतो. २२,५०० स्पिन गुणिले १०, म्हणजे तुम्ही एकूण २,२५,००० नाणी लावलीत. गेली ९,२००. हे झाले ४.०९ टक्के. म्हणजे गेमने तुम्हाला ९५.९ टक्के परत दिले आणि छापलेला शब्द जवळपास तंतोतंत पाळला. फसवणूक नाही. झालं एवढंच की १२,००० नाण्यांतून २,२५,००० ची उलाढाल झाली. जिंकलेलं नाणं खिशात न जाता पुन्हा मशीनमध्ये गेलं आणि प्रत्येक फेरीला त्यातून चार टक्के कापले गेले. १०० नाणी अशी फिरवली तर पहिल्या फेरीनंतर ९६, दुसरीनंतर ९२. सतराव्या फेरीला निम्मी. छत्तिसाव्या फेरीला २३. हा २३ ओळखीचा वाटतो का?

हे वाचून अनेकांना वाटतं की छापलेला आकडाच दिशाभूल करणारा आहे. मला तसं वाटत नाही. तो खरा आहे, पण तो मशीनच्या बाजूने लिहिलेला आहे. मी पंचवीस वर्षं विम्यात जोखमीचे हिशेब केले, म्हणजे टेबलाच्या त्याच बाजूला बसून. विमा आणि स्लॉट यांचं गणित एकाच घराण्यातलं आहे. विम्यात माणूस थोडे जास्तीचे पैसे देऊन जोखीम अंगावरून उतरवतो, स्लॉटमध्ये थोडे जास्तीचे पैसे देऊन जोखीम अंगावर घेतो. दोन्हीकडे ‘थोडे जास्तीचे’ कोणाकडे जातात हे सांगायला नको.

तेव्हा आधी तुमच्या बाजूचा आकडा काढू. पैज गुणिले तासाचे स्पिन गुणिले घराचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, वाटा. दर सहा सेकंदांना एक स्पिन, म्हणजे तासाला ६००. दहा नाण्यांची पैज, म्हणजे तासाला ६,००० ची उलाढाल. चार टक्क्यांनी २४० नाणी. तुमच्या वहीचा खरा आकडा तासाला २४५ येतो. हे या करमणुकीचं तिकीट. कुठल्याही गेमची जोखीम तोलताना मी सगळ्यात आधी हेच बघेन, कारण या तीन आकड्यांपैकी दोन तुमच्या हातात आहेत आणि तिसऱ्यापेक्षा तेच जास्त जड आहेत. पैज २ केली तर तेच तिकीट ४८ वर येतं. स्पिनमधलं अंतर दुप्पट केलं तर निम्मं होतं. ९६ चा गेम सोडून ९६.५ चा शोधायला तुम्ही रात्रभर बसाल, त्यातून तासाला वाचतील ३० नाणी. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटचा एक स्पिन अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपू देत नाहीत आणि आपोआप फिरणारे स्पिनही बंद केलेत. नियम करणाऱ्यांनी आधी हात वेगाला घातला, तो उगाच नाही.

आता तुमचे दोन गेम. ९६.५ आणि ९४ यांत अडीचचा फरक दिसतो, पण तुम्ही देता ती किंमत ३.५ आणि ६ आहे. म्हणजे दुसरा गेम सत्तर टक्क्यांहून अधिक महाग. तुमच्याच २,२५,००० च्या उलाढालीवर पहिल्यात सरासरी ७,८७५ जातील, दुसऱ्यात १३,५००. एवढ्यावरच उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण सरासरी कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि तुम्ही विचारलंय ते जोखमीबद्दल.

गेमच्या माहितीत ‘व्होलॅटिलिटी’ म्हणून कमी, मध्यम, जास्त असं लिहिलेलं असतं. नशिबाचा हेलकावा किती मोठा, हे त्यावरून कळतं. त्याचा एक नियम डोक्यात ठेवा: स्पिन चौपट झाले की घराचा वाटा चौपट होतो, हेलकावा मात्र दुप्पटच होतो. म्हणून थोड्या स्पिनांत नशीब राज्य करतं आणि पुष्कळ स्पिनांत टक्केवारी. तुमच्या २२,५०० स्पिनांसाठी आकडे धरून बघू. शांत गेममध्ये एका स्पिनचा हेलकावा पैजेच्या तिप्पट धरला तर सगळा मिळून ४,५०० नाणी होतो. जाणार ७,८७५, त्याच्या आसपास साडेचार हजार इकडेतिकडे. इतकं खेळून फायद्यात राहणारा माणूस साधारण पंचविसात एक. खवळलेल्या गेममध्ये हेलकावा दहापट धरा, तो होतो १५,०००. जाणार १३,५००, आसपास पंधरा हजार. इथे फायद्यात राहणारे ढोबळमानाने पाच-सहांत एक निघतील.

म्हणजे महाग गेममध्ये जिंकायची संधी जास्त? होय, गणित तसंच सांगतं, आणि लोक त्याच्याकडे ओढले जातात ते काही मूर्खपणामुळे नव्हे. पण त्याच पंधरा हजारांचं दुसरं टोक बघा: नशीब तितकंच उलटं फिरलं तर नुकसान २८,५०० चं आहे, आणि तुमच्याकडे एकूण १२,००० होते. तुम्ही २२,५०० व्या स्पिनापर्यंत पोचणारच नाही. खवळलेल्या गेममध्ये टिकायला खिसा मोठा लागतो, आणि मोठा खिसा असलेल्याला दहा हजार पटींची गरज नसते.

त्या दहा हजार पटींबद्दलही थोडं. समजा ते बक्षीस पाच लाख स्पिनांत एकदा लागतं. (गेमगणिक हा आकडा वेगळा असतो, काही कंपन्या माहितीत देतातही; मी हिशेबापुरता धरते.) तसं असेल तर ९४ पैकी दोन टक्के त्या एका बक्षिसात अडकलेत. ज्यांना ते लागलं नाही, ते सगळे ९२ चा गेम खेळतायत. तुमच्या सात आठवड्यांच्या वेगाने पाच लाख स्पिन व्हायला तीन वर्षं लागतील. तोवर ५० लाखांची उलाढाल, त्यात आठ टक्क्यांनी गेले चार लाख, आणि बक्षीस मिळालं तर ते एक लाखाचं. मिळालं तर! पाच लाखांत एक अशी संधी असताना पाच लाख स्पिन फिरवूनही शंभरातल्या ३७ जणांना ते लागत नाही. वाढत्या जॅकपॉटच्या गेममध्ये हाच प्रकार आणखी ठळक असतो, प्रत्येक पैजेतला एक तुकडा त्या गंगाजळीत जातो आणि बाकीच्या खेळाचा परतावा तेवढा पातळ होतो.

तेव्हा दोनांतून एक निवडायचाच असेल तर ९६.५ चा, दोन नाण्यांच्या पैजेने, हळू. पण आधी त्याच साइटवर, त्याच गेमच्या माहितीच्या पानावर आकडा तपासा. एकच गेम कंपन्या ९६, ९४, ९२ अशा वेगवेगळ्या परताव्यांत विकतात. चित्रं, गाणं, नाव सगळं तेच. दुसरीकडे वाचलेला आकडा तुमच्या साइटला लागू असेलच असं नाही. शिवाय हा आकडा खरा आहे हे तपासणारं कोणीतरी हवं. परवाना असलेल्या ठिकाणी जीएलआय, ईकोग्रा यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळा गेमचं गणित तपासतात. परवाना नसलेल्या साइटवर ९६ ही फक्त टंकलेली दोन अक्षरं. तुम्ही राहता तिथे पैसे लावून असे खेळ खेळायला कायद्याने मुभा आहे की नाही, हेही पत्रात नाही. नसेल तर वरचा सगळा हिशेब सोडून द्या; तिथे जिंकलेला पैसा अडकला तर दाद मागायला दारच नाही.

बोनस फेरी ‘जवळ आलेली असते’ हे वाक्य मात्र वहीतून खोडा. ती सरासरी १५० स्पिनांत एकदा येते असं धरलं, तरी सलग ३०० स्पिन कोरडे जाण्याची शक्यता १३ टक्के आहे. सात-आठ वेळांतून एकदा हे होणारच, त्यात काही साठून राहत नाही. प्रत्येक स्पिनचा निकाल यादृच्छिक आकडे काढणारा प्रोग्रॅम बटण दाबताक्षणी ठरवतो. रील, म्हणजे चित्रांची पट्टी, फिरते ती नंतरची सजावट, आणि प्रोग्रॅमला आधीचे ३०० स्पिन आठवत नाहीत. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कसिनोत रुलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर पडली. ‘आता लाल येणारच’ म्हणून दर फेरीला पैजा वाढवत गेलेले लोक त्या रात्री धुपले. पैज दुप्पट करत जायची युक्ती तर स्लॉटमध्ये रुलेटहूनही वाईट चालते: दहापासून सुरुवात करून आठदा हरलात की २,५५० गेले आणि नववी पैज २,५६० ची, आणि त्या नवव्या स्पिनात ‘जिंकलात’ तरी हाती पैजेचा अर्धा भागच येऊ शकतो.

हो, हा जिंकण्याचा प्रकार तुमच्या वहीत जागोजागी आहे. ‘दर तीन-चार स्पिनांना काहीतरी लागतं’ असं तुम्ही समासात लिहिलंय. त्यातले किती पैजेपेक्षा मोठे होते? पडद्यावरच्या चित्रांच्या वीस ओळींवर अर्ध्या-अर्ध्या नाण्याची पैज लावली, एका ओळीवर ४ नाणी लागली, दिवे लागले, गाणं वाजलं, खात्यातून मात्र ६ गेली. हा तोटाच, नवरदेवासारखा सजवलेला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी खेळणाऱ्यांच्या त्वचेवरचे बदल मोजले, तेव्हा असा तोटा झाला की शरीर खऱ्या जिंकण्यासारखंच उसळत होतं. ब्रिटनच्या २०२१ च्या नियमांत पैजेपेक्षा कमी परत आलं तर गाजावाजा करायलाच मनाई आहे. तुम्ही हिशेबनीस आहात, तुमच्याकडे सोपा उपाय आहे: आवाज बंद ठेवा आणि पैजेहून कमी आलेलं सगळं खर्चाच्या बाजूला लिहा.

स्वागत बोनसचं उत्तर छोटं आहे. अटींमध्ये ‘३५ पट’ असं कुठेतरी लिहिलेलं असेल, शोधा. २,००० च्या पस्तीस पट म्हणजे ७०,००० ची उलाढाल केल्याशिवाय त्यातलं काही काढता येणार नाही. चार टक्क्यांनी त्यात सरासरी २,८०० जातात. मिळाले २,०००, गेले २,८००. आवळा देऊन कोहळा काढणं याहून उघड क्वचित दिसतं. भरलेली रक्कमही २,००० असेल आणि ती व बोनस दोन्हींवर पट लावली असेल तर ते दुप्पट, ५,६००. वर एका स्पिनची कमाल पैज आणि काढता येणारी कमाल रक्कम अशी कलमं बारीक अक्षरात असतातच. घेऊ नका.

आता ते वाक्य, जे तुम्ही शेवटाकडे पटकन लिहून टाकलंय. ‘गेलेले वसूल झाले की बंदच करणार.’

खात्यात २,८०० आहेत, त्यांचे १२,००० करायचे आहेत. घराचा वाटा शून्य असता, नाणं उडवण्याइतका चोख खेळ असता, तरीही एक तर १२,००० होतील नाहीतर सगळे जातील अशा खेळात यशाची शक्यता २,८०० भागिले १२,०००, म्हणजे २३ टक्के. दर स्पिनला चार टक्के कापणाऱ्या खेळात ती त्याहून कमी, आणि जितकं जपून, लहान लहान पैजांनी खेळाल तितकी आणखी कमी, कारण उलाढाल वाढते. मघाशी मी लहान पैजेचा सल्ला दिला आणि आता म्हणते लहान पैजेने वसुली होणार नाही. दोन्ही खरं आहे. लहान पैज करमणूक स्वस्त करते. वसुली ही करमणूक नव्हे. चारांतून तीनदा, खरं तर त्याहून जास्त वेळा, उरलेले २,८०० सुद्धा जातात आणि मग तुम्ही १२,००० वसूल करायला बसता.

म्हणून माझा सल्ला तुम्ही विचारलेल्या प्रश्नांच्या बाहेरचा आहे. आज, आता, ते २,८०० काढून घ्या. पैसे काढायची विनंती केल्यावर ते पोचेपर्यंत बऱ्याच साइट ‘विनंती रद्द करा’ असं बटण समोर ठेवतात. तुम्ही ते कधी दाबलंय का हे वहीत नाही, आणि त्या नोंदीची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. दाबलं असेल तर स्वतःच्या निग्रहावर भिस्त ठेवू नका. खात्याच्या सेटिंगमध्ये स्वतःला ठरावीक काळासाठी बंद करून घ्यायची सोय असते, ती सहा महिन्यांसाठी लावा. तुमच्या बँकेत कार्डावरचे जुगाराचे व्यवहार रोखता येत असतील तर तेही करा. दोन्हींना मिळून दहा मिनिटं लागतील.

आणि घरी सांगा. ९,२०० हा सांगता येण्याजोगा आकडा आहे. त्याच्या पुढचा तसा असेल की नाही, ठाऊक नाही. लांब प्रस्तावना करू नका, वही पुढ्यात ठेवा. तुमच्याइतका चोख पुरावा घेऊन कबुली द्यायला आलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. लपवून खेळणं, गेलेलं परत मिळवायला खेळणं, या दोन गोष्टी जुगाराच्या आजाराच्या निदानात डॉक्टर मुद्दाम विचारतात. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा आजार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत आहे. तुम्हाला तो झालाय असं मी पत्रावरून म्हणणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण सहा महिने बंद ठेवणं जमत नाहीये असं तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, तर समुपदेशकाकडे किंवा जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाकडे जा. असे गट १९५७ पासून चालू आहेत.

तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते मला लिहा. पानं जोडलीत तरी चालेल.

ता. क. समासातली दुसरी नोंद राहिली: ‘दोन तारे लागले, तिसरा अगदी एक घर वर थांबला, आता जमत आलंय.’ १९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना स्लॉट यंत्राचं एक पेटंट मिळालं. त्यात रीलवरच्या प्रत्येक चित्राला सारखी संधी न देता मागे दडलेल्या आकड्यांतून वाटा दिला जातो. जुन्या तीन रीलच्या, वीस-वीस चित्रांच्या यंत्रात मोठं बक्षीस जास्तीत जास्त ८,००० त एकदा लागणारं ठेवता येई. प्रत्येक रीलमागे ६४ आकडे ठेवले की तेच २,६२,१४४ त एकदा. आणि बक्षिसाच्या चित्राच्या लगतच्या रिकाम्या घरांना जास्त आकडे दिले, की तारा वारंवार एक घर वर किंवा एक घर खाली थांबताना दिसतो. तुमचा तारा एक घर वर थांबला, त्यात ‘जवळ’ असं काही नव्हतं. त्या स्पिनात १० नाणी गेली, तेवढंच लिहा.